चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

९ मार्च, रविवार

खत कंपनीने फुकट दिलेली डायरी. जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरी गेली. हरकत नाही. माझ्यासारख्या माणसाला लिहिण्यासारखं काही घडल्याशिवाय लिहायची सवय नाही.

आज घडलं. हर्षदचा कॅनडाहून फोन. सूनबाईंचे, म्हणजे अक्षयाचे, सप्टेंबरात दिवस भरतात. त्याच्या आत आम्ही दोघांनी तिकडे राहायलाच यावं म्हणतो. आईवडिलांना एकदम पाच वर्षं राहायचा व्हिसा मिळतो. मात्र व्हिसाआधी वर्षाचा आरोग्य विमा काढलेला दाखवावा लागतो. पैसे तो भरणार. कागद आपण करायचे.

किळसवाणा प्रकार. पाहुण्याला दारातच विचारायचं, आजारी पडणार का? पडणार असाल तर आधी सोय दाखवा. आमच्या पावस गावात असं कोणी विचारलं तर त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही.

पण नातवंड आहे. जाणार. पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, माझा एक फॉर्म कधी परत आला नाही. (दोनदा आला. टायपिस्टची चूक.)

संकल्प: १) विम्याचं सगळं मी एकटा बघणार. २) रोज चार किलोमीटर चालणं. ३) नितेशला लांब ठेवणं.

१० मार्च

चालायला निघालो. कुत्री फार. परत आलो.

१२ मार्च

फॉर्म आला. एकेचाळीस प्रश्न! रात्री लघवीला किती वेळा उठता? हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला माझ्या लघवीशी काय देणंघेणं? शी! वाचतानाच अंगावर झुरळ फिरल्यासारखं झालं.

प्रश्न सतरा. मधुमेह आहे का?

शांतपणे विचार केला. २०१७ साली पोफळी कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, साखर थोडी जास्त आहे. ‘थोडी’ हा त्यांचा शब्द. गोळी दिलेली आहे, ती मी अर्धी घेतो, तीही आठवली तर. अर्धी गोळी घेणाऱ्याला अख्खा मधुमेही म्हणणं हा अन्याय आहे. ‘नाही’ लिहिलं. अक्षर सुंदर आलं.

सगुणाला म्हटलं, तुझ्याही फॉर्मवर एका रांगेत ‘नाही’ लिहून टाक, पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, माझा मी भरीन. भर बाई. नाही तरी लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ही बाई कधी आजारी पडलेली मी तरी पाहिलेली नाही.

१७ मार्च

शिमग्याची पालखी दारात आली. गुरवाला बाजूला घेऊन सांगितलं की गाऱ्हाण्यात विम्याचंही घाल. त्याने विचारलंन, विमा म्हणजे देवाला नक्की काय सांगू? समजावायचा प्रयत्न केला. शेवटी त्याने आपल्या मनाने घातलंन: “बा म्हाराजा, ह्यांच्या त्या कागदाच्या मधी जर का कोणी आडवा येत आसल तर त्याला बाजूला कर रे म्हाराजा!” सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. सगुणा माझ्याकडे बघून म्हणाली. मला ते बघणं आवडलं नाही.

२१ मार्च

नितेश आला. सगुणाच्या बहिणीचा मुलगा, विमा एजंट. कोणी बोलावलं? सगुणाने. तिचा फॉर्म भरायला.

दोघं पडवीत दीड तास बसली होती. मधून मधून नितेश ‘आणि कधीपासून, मावशी?’ असं विचारत होता. ‘नाही’ लिहायला दीड तास! आंबोळ्या खायचं निमित्त, दुसरं काय. सात खाल्ल्यान.

जाताना मला उपदेश. काका, जे असेल ते खरं लिहा. खरं लिहिलं तर कंपनी थोडा हप्ता वाढवते पण घेते. लपवलेलं सापडलं तर सरळ नाकारते. म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माआधीपासून मी फॉर्म भरतोय. कानामागून आली आणि तिखट झाली.

माझा फॉर्म बंद पाकिटात दिला. उघडून बघू नको म्हणून सांगितलं.

२२ मार्च

शेजारच्या रघूकडे गेलो होतो. रघू बोटीवर होता, सव्वीस वर्षं. विषय काढायचा नव्हता, निघाला. त्याने लगेच स्वतःचं पुराण लावलंन. त्यांच्या बोटीवरच्या एका फिटरने मेडिकलच्या वेळी साखर लपवलीन, भर समुद्रात चक्कर येऊन पडला, तर कॅप्टनने त्याला पुढच्या बंदरात उतरवलंन. “लपवलंन तो उतरला रे हरी,” असं तीनदा म्हणाला.

रॉटरडॅम बघून आला म्हणून स्वतःला शहाणा समजतो. वास येणाऱ्या बनियनमध्ये बसून जगाच्या गोष्टी. उबग आला. चहा पिऊन निघालो. चहात साखर कमी होती, मागून घेतली.

४ एप्रिल

पहिला आंबा उतरवला. यंदा कलमांना बरं आहे. माळ्यावर पेंढ्यात पिकायला चार आढ्या घातल्या.

आज झोपाळ्यावर बसलो असताना योजना सुचली. आपल्याकडे पेटीने कुठलं काम अडलंय? पोफळीला माझी बदली दोनदा थांबली ती हापूसच्या पेटीने. तर, एक पेटी नितेशच्या मॅनेजरला. एक मुंबईला कंपनीच्या मोठ्या साहेबाला. माणूस शेवटी माणूस, कॅनडाचा का असेना.

१३ एप्रिल

पेट्या भरायला घेतल्या. दिलेल्या पेटीत एक जरी आंबा साक्याचा निघाला, आतून पांढरा पडलेला, तर अब्रू जाते. म्हणून माझी पूर्वीपासूनची पद्धत: प्रत्येक आढीच्या प्रत्येक थरातला एक कापून बघायचा. आढ्या चार, थर तीन. म्हणजे बारा आंबे होतात, पण चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. खाणारा पोटासाठी खातो. मी दुसऱ्यासाठी बघतो.

सगुणाने बादलीतल्या कोयी मोजल्यान. अकरा. म्हटलं, वानरांनी खाल्ले असतील. ती म्हणाली, वानर कोय स्वयंपाकघरातल्या बादलीत टाकत नाही.

कसली ही बाई! कोयी मोजते. शिवाय बारा होत्या.

२ मे

मॅनेजरचा मेसेज. आंबे मिळाले, धन्यवाद, पुढे एक पिवळा अंगठा. एवढ्या पेटीला एक अंगठा! किळस येते या माणसांची. पण काम झालं असं धरायला हरकत नाही.

दुसऱ्या तोडीचे आंबे पहिल्यापेक्षा गोड आहेत. कारण समजावं म्हणून जरा जास्त नमुने बघावे लागले.

संकल्प: उद्यापासून चालणं.

१५ मे

अंगठ्याचा अर्थ कळला. कंपनीचं पत्र: साठीच्या वरच्या अर्जदारांना रक्ततपासणी. दोघांनाही. तारीख २६ मे, रत्नागिरीला, मारुती मंदिराच्या बाजूच्या लॅबमध्ये.

माझ्या सहीवर विश्वास नाही! एकतीस वर्षं माझ्या सहीवर सरकारी नट-बोल्ट बाहेर पडत होते. संतापाने दुपारी जेवलो नाही. आमरस तेवढा घेतला.

सगुणा फक्त म्हणाली, बरं, २६ ला लवकर निघू.

२३ मे

घाबरण्यासारखं काही नाही. मॅट्रिकला बीजगणित मी तीन दिवसांत केलं होतं. रक्त म्हणजे काही बीजगणित नव्हे.

आजपासून तीन दिवस: सकाळी कारल्याचा रस, दुपारी एक भाकरी, रात्री मेथीचं पाणी. आंबा पूर्ण बंद. माळ्याची शिडी काढून रघूकडे नेऊन ठेवली.

कारल्याचा रस. शी. शी. शी. ओठाला लागला तरी पोटातून हिसका येतो. हे फळ देवाने कुणावर सूड उगवायला केलं असणार.

२४ मे

रस. मेथी. तोंडाला गंजलेल्या तारेची चव. रघू शिडी कशाला म्हणून विचारत होता. ठेव म्हटलं.

२५ मे

हलकं वाटतंय. बहुधा शरीरातून सगळं निघून गेलं. लोक उगाच वर्षानुवर्षं गोळ्या घेतात. मनाचा निग्रह नाही.

२६ मे, सोमवार

पहाटेच्या एस.टी.ने गेलो. मांडीवर पेटी, लॅबवाल्यांसाठी. सगुणा बाजूला पिशवी घेऊन.

लॅबमध्ये श्रद्धा नावाची मुलगी होती. पेटी पुढे केली तर म्हणाली, सर घेऊन देत नाहीत, काका. आग्रह केला. पेटी पायाने माझ्या खुर्चीखाली सरकवलीन. पायाने! रत्नागिरीत हापूसला पाय लावणारी पिढी निपजली आहे. बघवलं नाही.

रक्त तीन नळ्यांत घेतलंन. म्हटलं, साखरेला एक पुरे. तर म्हणते, ही जांभळ्या बुचाची तीन महिन्यांची साखर सांगते. हसू आलं. रक्त म्हणजे काय स्टोअरचं रजिस्टर आहे, मागची पानं उलटून बघायला? एप्रिलात मी काय खाल्लं ते मे अखेरीस रक्ताला कुठून आठवणार? माझं मलाच आठवत नाही.

सगुणाने हात पुढे केलान, रक्त दिलंन, कापूस धरून उठली.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर पेटीवर ऊन येत होतं, आंबे फुकट गेले असते. तीन संपवले. रक्त देऊन झालं होतं, त्यामुळे प्रश्न नव्हता. सगुणा दुसरीकडे बघत बसली होती.

३० मे

रिपोर्ट! उपाशीपोटीची साखर १४८. जिंकलो! गेल्या आठ वर्षांत दोनशेच्या खाली आलेली आठवत नाही. कारल्याला मानलं.

खाली आणखी एक ओळ आहे, इंग्रजी अक्षरं आणि आकडा ९.८. शंभरातले ९.८ असणार. म्हणजे फारच कमी. रघूला फोटो पाठवला, बघू दे जरा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

रघू स्वतः आला. शिडी घेऊन. भिंतीला टेकवून ठेवलीन. म्हणाला, हीच ती जांभळ्या बुचाची साखर. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. ९.८ म्हणजे, त्याच्या शब्दांत, “तीन महिने तू फक्त आंबेच खाल्लेस काय रे हरी?”

विज्ञानाचा तिटकारा आला. माणसाच्या नकळत त्याच्याच रक्तात नोंदी ठेवायच्या! ही चहाडखोरी आहे.

२ जून

लॅबची चूक असणार. नळ्या बदलल्या असतील. त्या मुलीचं लक्ष पेटीकडे होतं.

११ जून

दुसऱ्या लॅबमध्ये स्वतःच्या खर्चाने तपासलं. ९.९. ही लॅब तर त्याहून वाईट.

२४ जून, मंगळवार

कंपनीची दोन पत्रं आली.

मला: अर्ज नामंजूर. कारण, माहिती दडवली.

दडवली! थोडी साखर होती, थोडी म्हणून लिहायला त्या फॉर्मवर जागा होती का? होय किंवा नाही. मधलं काही ठेवलंच नव्हतं. नाव हरिश्चंद्र असलेल्या माणसाला खोटारडा ठरवलं.

सगुणाला: मंजूर. हप्ता थोडा जास्त.

जास्त का म्हणून तिच्या फॉर्मची प्रत वाचायला घेतली. तिचं एकही उत्तर मी आधी बघितलं नव्हतं. रक्तदाब, अकरा वर्षं, रोज एक गोळी. २०१६ मध्ये चक्कर येऊन पडणे, पोफळी कॉलनी, क्वार्टरमध्ये. डाव्या कानाला कमी ऐकू येणे, चार वर्षं.

तीनदा वाचलं.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, उकाड्याने होतं. पडलीस तेव्हा मी कुठे होतो? साळुंखे साहेबांच्या निरोप समारंभात. गोळ्या कुठे ठेवतेस? ओव्याच्या डब्यात. मी ओवा खात नाही.

डाव्या कानाचं मला खरं तर वाटायचं की ती मुद्दामच ऐकत नाही.

फॉर्मच्या शेवटी, अडचणीच्या वेळी भारतात कोणाला कळवायचं, तिथे नितेशने तिच्या सांगण्यावरून रघूचं नाव घातलंय. विचारलं. म्हणाली, तुम्ही फोन उचलत नाही. उचलला तर ऐकून घेत नाही. रागाने म्हणाली असती तर भांडता आलं असतं. कोथिंबीर निवडत म्हणाली.

२६ जून

हर्षदचा फोन. आईला आधी येऊ दे. तुम्ही, बाबा, गोळी नीट घ्या, तीन महिने साखर आटोक्यात ठेवा, मग नितेश दुसऱ्या कंपनीकडे अर्ज करील. सगळं खरं लिहून. स्वर असा की मी त्याचा मुलगा.

मी निर्णय घेतला आहे: सगुणाला आधी पाहणीसाठी पाठवायचं. शिवाय ऑगस्टात गणपती, घरच्या गणपतीला घरचं माणूस नको? तसा मी जाऊ शकलोच नसतो.

संकल्प: १) गोळी अख्खी. २) चालणं. ३) सकाळची साखर रोज इथे लिहिणार.

२७ जून

साखर २१६.

२८ जून

पाहिली नाही. मशीनची सुई बोचते.

१० ऑगस्ट, रविवार

सगुणा गेली. नितेश तिला मुंबईला विमानापर्यंत सोडायला गेला. मी रत्नागिरी स्टेशनपर्यंत. जाताना सगुणाने माझ्याच गोळ्यांचा डबा करून दिलान, वारांची नावं घालून. गाडी सुटताना तिला मोठ्याने सांगितलं, सांभाळून राहा. ऐकलं नाही. मग लक्षात आलं की मी डाव्या बाजूला उभा होतो. धावत उजव्या बाजूला जाणार होतो, पण गाडीला दुसरी बाजू नसते.

घरात आल्यावर रडू आलं. कांदा कापत होतो, पण कांदा नंतर घेतला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. नैवेद्याचे मोदक मी केले. उकड फाटली. येणाऱ्या प्रत्येकाने सगुणावहिनी कुठे म्हणून विचारलं. पाहणीसाठी गेली म्हणून सांगितलं. रघूने फाटलेले सहा मोदक आवडीने खाल्लेन. माणूस तितका वाईट नाही. बनियन मात्र तेच.

देवाला मनातल्या मनात सांगितलं की मागचं गाऱ्हाणं गुरवाने जरा चुकीचं घातलं होतं. आडवा येणारा बाजूला कर म्हणाला, आणि देवाने केलंन.

६ सप्टेंबर

साखर १६२. कोणी पाहिलं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. सलग सोळा दिवस गोळी अख्खी. वारांच्या डब्यात मंगळवार दोनदा राहिला, तो बुधवारी घेतला.

नितेशने सांगितलंय, २० तारखेला जांभळ्या बुचाची तपासणी करू. बरी आली तर नव्या कंपनीचा फॉर्म लगेच.

१४ सप्टेंबर, रविवार

मुलगी झाली!

व्हिडिओ कॉल आला. सगुणाच्या मांडीवर होती. फोन हर्षदच्या हातात, तो बाळाकडेच बघत होता, त्यामुळे अर्धा वेळ मला छत दिसलं. कॅनडाचं छत आपल्यासारखंच असतं. मग सगुणाने तिला उचलून जवळ आणलंन आणि म्हणाली, हे तुझे आजोबा. मुलीने जांभई दिली.

सगुणाला म्हटलं, गोळी घेतलीस का? तिला दोनदा विचारावं लागलं. मग फोन उजव्या कानाकडे नेलान, आणि घेतली म्हणाली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतो.

लगेच पावस बाजारात जाऊन पेढे आणले. सगळ्या वाडीत वाटले. वाटण्याआधी ताजे आहेत की नाही, चव बघितली. एक.

रात्री

खोटं. चार.

खाल्लेल्या पेढ्यांचे कागद उलगडून परत मोजले. घरात मोजायला दुसरं कोणी नव्हतं.